पातेऱ्याखालची माती

चिपळूणचा पूर ओसरून पाच दिवस झाले होते, तेव्हा मी मावशीच्या घरी पोहोचले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिवनदी यांचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. ते जसे आले तसे निघूनही गेले. मागे राहिला तो गाळ. ओटीवर आणि माजघरात तो घोट्याच्या वर होता, आणि त्यात रेव, काटक्या, कुणाच्या तरी परसातली झेंडूची रोपे असे सगळे कालवलेले होते. भिंतीतल्या कपाटाचे फुगलेले दार आम्ही उचकटून उघडले, तेव्हा मात्र आतला गाळ वेगळाच निघाला. पितळी डब्यांच्या झाकणांवर, समईच्या खोलगट भागात, पोथीच्या पानापानांत दुधावर साय धरावी तसा त्याचा सारखा थर बसला होता. चिमटीत घेतला तर तो पिठासारखा मऊ लागत होता, एकही खडा हाताला लागत नव्हता, आणि वाळल्यावर त्याचा रंग आमच्या डोंगरातल्या मातीसारखा तांबूस झाला. कपाटात शिरलेले पाणी तिथे हलायचे थांबले असणार आणि त्याने आपल्यातली सर्वांत बारीक माती सावकाश खाली सोडली असणार. मावशी ती पोथी उन्हात धरून एकेक पान सोडवत होती. "एवढी माती नदीत येते तरी कुठून गं?" असे तिने माझ्याकडे न बघताच विचारले.

माझे माहेर चिपळूणच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. आमच्या वाडीच्या दोन अंगांनी दोन पऱ्ये, म्हणजे ओढे, वाहतात आणि दोन्ही शेवटी वाशिष्ठीलाच मिळतात. एक ग्रामदेवतेच्या देवराईतून येतो. दुसरा मागच्या डोंगराच्या उतारावरून येतो, जिथे माझ्या लहानपणी आईन-किंजळाचे दाट रान होते. ते टप्प्याटप्प्याने तोडले गेले, खालच्या अंगाला काजूची कलमे लागली आणि वरच्या अंगाला ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी राहिली. दोन पऱ्यांमध्ये अंतर जेमतेम अर्ध्या किलोमीटरचे, त्यामुळे पाऊस दोघांवर सारखाच पडतो आणि खडकही दोघांखाली तोच, काळा कातळ. तरीही दोन्हींच्या पाण्याचा रंग सारखा नसतो. वाडीतल्या एका वयस्कर काकांना मी मावशीचा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, "बाय, आधी हा पऱ्या गढूळ व्हायचा तो पहिल्या दोन पावसांत. मग निवळायचा. आता गणपती आले तरी पाणी लालच."

पुढच्या वर्षी, २०२२ च्या जूनमध्ये, एका जोरदार सरीनंतर मी कोकम सरबताच्या दोन सारख्या बाटल्या घेऊन दोन्ही पऱ्यांचे पाणी भरून आणले आणि खिडकीत ठेवले. देवराईच्या पाण्याला फिक्या चहासारखी छटा होती, ती कुजणाऱ्या पानांची. त्यात पानांचे दोन-चार तुकडे तरंगत होते, आणि सकाळी तळाशी बोटाने पुसता येईल एवढाच थर होता. दुसऱ्या बाटलीत वाळूचे कण मिनिटभरात खाली बसले, त्यांच्यावर तासाभरात मऊ गाळ बसला, आणि सर्वांत बारीक चिकणमाती तिसऱ्या दिवशीही पाण्यातच होती. तळाचा थर तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा झाला. मी तो वाळवून पाहिला तर चहाच्या चमच्यात मावेल इतका, म्हणजे सातेक ग्रॅम भरला. बाटली पाऊण लिटरची. म्हणजे एका घनमीटर पाण्यामागे नऊ किलोच्या आसपास माती. पऱ्याला सेकंदाला एक घनमीटर पाणी असेल, आणि अशा सरीनंतर ते असते, तर तासाभरात तीस टनांहून अधिक माती वाडीशेजारून निघून जाते. दोन-तीन डंपर भरतील एवढी माती एका तासात, एका पऱ्यातून जाते आणि तिचा आवाजही होत नाही.

झाडे माती धरून ठेवतात हे आपण शाळेत शिकतो आणि मनात चित्र उमटते ते मुळांचे. मुळांचे काम मोठे आहेच, पण त्या दुसऱ्या उतारावरही झाडे होती. काजू होता, बाभूळ होती, त्यांना मुळे होती आणि वर पाहिले तर आकाश झाकलेले होते. मग माती सुटत कशी होती, याचे उत्तर मला वर पाहून मिळाले नाही. पावसाळा सरताना एकदा आधी त्या काजूंखाली आणि मग बाभळींखाली उकिडवी बसून मी जमीन पाहिली. तिथे पानांचा थर नव्हता, गवत नव्हते, आणि करंगळीच्या नखाएवढे शेकडो खडे मातीच्या छोट्या छोट्या खांबांवर उभे होते. प्रत्येक खड्याच्या डोक्यावर पाऊस पडत राहिला, त्यामुळे त्याच्याखालची माती वाचली आणि भोवतालची उडून गेली. ते खांब साधारण सेंटिमीटरभर उंच होते. त्या पावसाळ्यात तिथली जमीन तेवढी खाली गेली होती, आणि खड्यांनी तिची जुनी पातळी नोंदवून ठेवली होती. एक हेक्टर जमिनीवरून एक सेंटिमीटर माती जाणे म्हणजे शंभर घनमीटर, वजनात सव्वाशे टनांहून अधिक. सगळ्या उतारावर तशीच धूप झाली होती असे नाही, पण जिथे झाली होती तिथे ती किती होती हे त्या खड्यांवरून मोजता येत होते.

याची कारणमीमांसा साधी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येतो तो ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेगाने. उघड्या मातीवर तो आदळला की कण अर्धा-पाऊण मीटर उडतात आणि उतारावर वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला लांब पडतात. उडालेले बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात, वर एक पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचे थांबते. न मुरलेले पाणी पृष्ठभागावरून धावू लागते, त्याचे ओघळ होतात, ओघळांच्या घळी होतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची माती वाहून नेण्याची ताकद कित्येक पटींनी वाढते. झाडाचा पर्णसंभार थेंब अडवतो हे खरे, पण तो पाणी साठवून ठेवू शकत नाही. पानांवर बारीक थेंब एकत्र येतात आणि पानाच्या टोकावरून पूर्वीपेक्षा मोठा थेंब होऊन गळतात. झाड आठ-दहा मीटर उंच असेल तर हा थेंब जमिनीवर येईपर्यंत जवळजवळ पूर्ण वेग घेतो. सागासारख्या मोठ्या पानांच्या झाडाखाली जमीन उघडी असेल, तर तिथे थेंबांचा मार मोकळ्या मैदानापेक्षाही जास्त असू शकतो. १९८० च्या दशकात इंडोनेशियातल्या जावा बेटावर ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत प्रयोग झाले, तेव्हा असे दिसले की पर्णसंभार काढून टाकल्याने धुपीत फारसा फरक पडत नाही. जमिनीवरचा पानांचा थर काढला की मात्र धूप एकदम वाढते. आमच्या वरच्या अंगाला उभी आहे ती हीच जात.

कोकणात जमिनीवर पडलेल्या वाळक्या पानांना पातेरा म्हणतात. देवराईत गेल्यावर पाय पडतो तो पातेऱ्यावर. वर यंदाची करकरीत पाने, त्यांच्याखाली गेल्या वर्षीची ओलसर, जाळी झालेली, त्यांच्याखाली पानांचा आकार हरवलेला काळा भुसा, त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे, वाळव्या, गोमा, गांडुळांची विष्ठा, आणि मग कुठे माती लागते. आमच्या देवराईत आईन, किंजळ, सातवीण आणि उंबर यांच्या खाली लहान झाडे आहेत, त्यांच्याखाली झुडपे, आणि गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले आहेत. उंचावरून सुटलेला थेंब वाटेत चार-पाच वेळा अडतो आणि शेवटी पातेऱ्यावर पडतो. खालची माती किडामुंगीने आणि कुजलेल्या मुळांनी इतकी सच्छिद्र झालेली असते की मुसळधार पाऊसही तिथे बहुतांशी मुरतो आणि पऱ्याला वाट काढत सावकाश येऊन मिळतो. म्हणूनच देवराईचा पऱ्या निवळ राहतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत त्याला धार असते.

नकाशावर हा फरक दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल, तर ते वनाच्छादन म्हणून मोजले जाते. जमीन कोणाची आहे आणि झाडे कोणत्या जातीची आहेत हे तिथे पाहिले जात नाही. उपग्रह वरून पाहतो आणि त्याला छत दिसते. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्याचा निम्म्याच्या आसपास भाग नकाशावर हिरवा असतो, आणि त्या हिरव्यात देवराईही असते, आंब्या-काजूच्या बागाही असतात आणि बाभळीची लागवडही असते. मी आकड्यांविरुद्ध नाही, आणि बागांविरुद्ध तर मुळीच नाही. माझे शिक्षण काजूच्या पैशावर झाले आहे. परंतु नदीतल्या गाळाचा प्रश्न सोडवायचा असेल तर छताचा आकडा पुरत नाही, त्या छताखाली जून उजाडताना जमिनीवर काय आहे हे पाहावे लागते.

आणि जून उजाडताना आमच्याकडच्या बऱ्याच उतारांवर काहीच नसते. भातशेतीसाठी राब करण्याची रीत जुनी आहे. टाहाळ, म्हणजे झाडांच्या पानांसकट फांद्या, तोडायचा, त्यात गवत, शेण, पातेरा घालायचा, तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागी पसरायचा आणि भाजावळ करायची, म्हणजे ते सगळे जाळायचे. त्यासाठी डोंगरातला पातेरा पिढ्यानपिढ्या झाडून आणला गेला. आता भात कमी झाला तसा राबही कमी झाला, परंतु त्या जागी दुसऱ्या गोष्टी आल्या. काजूची बी वेचायला सोपे जावे आणि साप दिसावा म्हणून बागेखालची जमीन लख्ख ठेवतात. पूर्वी हाताने बेणणी व्हायची, तेव्हा गवताची मुळे तरी जमिनीत राहायची. मजूर मिळेनासे झाल्यावर तणनाशक आले आणि मुळेही गेली. याखेरीज फेब्रुवारीपासून वणवे लागतात. वणव्यात मोठी झाडे बहुधा वाचतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला फारसे नुकसान झाले असे वाटत नाही, पण वर्षभराचा पातेरा एका दुपारी राख होतो आणि मृगाचा पहिला पाऊस त्या राखेवर पडतो. माझ्या मते आमच्या भागात नदीत माती लोटणारी सर्वांत मोठी गोष्ट वणवा आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष आहे.

हे सगळे आजच उमगले आहे असेही नाही. आंग्र्यांच्या काळात जहाजांसाठी कोकणातला साग लागत असे आणि म्हणून तो राखलाही जात असे. इंग्रजी अंमल आल्यावर १८२० च्या दशकात रत्नागिरीकडे सरकारने सागावरचा हक्क सोडला आणि मोठी तोड झाली. पुण्याजवळ दापोडीला तेव्हा एक वनस्पती उद्यान होते. त्याची व्यवस्था पाहणारे अलेक्झांडर गिब्सन हे पेशाने शल्यविशारद, पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. घाटउतारावरची तोड आणि डोंगरातली फिरती शेती यांमुळे किनाऱ्याच्या नद्या आणि खाड्या गाळाने भरत आहेत, हा संबंध त्यांनी १८४० च्या दशकातच सरकारपुढे मांडला होता. त्या काळी हा प्रश्न व्यापाराचा होता, कारण गलबते खाडीतून आत येत. चिपळूणचे बंदर म्हणजे गोवळकोट. कुंभार्ली घाटाने उतरलेला देशावरचा माल तिथे गलबतांत चढत असे. ज्या खाडीतून एके काळी ही वाहतूक चालली, तिथे आज ओहोटीच्या वेळी गाळाची पाठ उघडी पडते.

गाळ नेमका चिपळूणलाच का साठतो, हे नदीचा उतार पाहिला की कळते. वाशिष्ठीचे पाणी घाटमाथ्यावरून काही किलोमीटरांत शेकडो मीटर खाली येते आणि पायथ्याशी आल्यावर एकदम सपाटीला लागते. चिपळूणपासून दाभोळपर्यंत तर ती खाडीच आहे. उतार संपला की वेग जातो, आणि वेग गेला की ओझे खाली ठेवावे लागते: आधी गोटे, मग रेव, मग वाळू, हाच क्रम माझ्या बाटलीतही होता. चिकणमाती तेवढी पुढे जाते, पण खाडीत तिला भरतीचे खारे पाणी भेटते. गोड्या पाण्यात सुटे सुटे तरंगणारे तिचे कण मिठामुळे एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन तिथेच बसतात. अशा गाळाची पुढे बेटे होतात, त्यांवर गवत आणि झुडपे धरतात, ती पुढचा गाळ अडवतात. पात्र उथळ झाले की तेवढ्याच पाण्याला वाट कमी पडते, आणि त्यात भरतीची वेळ आली की पाणी शहरात वळते.

या प्रवासाला किती वेळ लागतो, याचा विचार आपण फारसा करत नाही. भारतात दरवर्षी होणाऱ्या धुपीचा १९८३ मध्ये मांडलेला एक अंदाज अजून सर्वत्र वापरला जातो. त्यानुसार दर हेक्टरी सरासरी १६.४ टन माती जागची हलते. तिच्यापैकी २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली ६१ टक्के वाटेत कुठेतरी पडून राहते. मला या शेवटच्या आकड्याने बराच काळ अस्वस्थ केले. ती माती शेताच्या बांधाशी, पऱ्यांच्या वळणांत, नदीकाठच्या मळीत थांबलेली असते आणि पुढच्या एखाद्या मोठ्या पुराची वाट पाहते. मावशीच्या पोथीत शिरलेली माती त्या रात्री डोंगरावरून सुटलेली असेल, किंवा मी शाळेत असताना आईन-किंजळ तुटले तेव्हा सुटून इतकी वर्षे कुठल्या तरी कोंडीत बसून राहिलेली असेल. म्हणूनच आज सगळे उतार झाकले तरी नदी उद्या निवळणार नाही, जुनी माती वाहून संपायला वेळ लागेल.

२०२१ च्या डिसेंबरात चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले, त्यानंतर नदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले आणि पोकलेनांनी लाखो घनमीटर गाळ उपसला. मी त्या कामाची बाजू घेते. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना पात्र आधी मोकळे करून हवे आहे, आणि ती मागणी रास्त आहे. मात्र काही ठिकाणी उपसलेल्या गाळाचे ढीग काठावरच राहिलेले मी पाहिले, आणि त्यांच्यावर पाऊस पडल्यावर ओघळ नदीकडेच जाताना पाहिले. उपसा नदीच्या तळाशी चालतो, माती डोंगरावरून येत राहते, आणि या दोन कामांची खाती सरकार दरबारी वेगळी आहेत.

जंगलाकडून अवाजवी अपेक्षाही करू नये. २२ जुलैला पडला तसा पाऊस दोन-तीन दिवस पडत राहिला की देवराईतली मातीही पिऊन पिऊन तुडुंब होते आणि मग रानातूनही पाणी तसेच धावते. तेवढा पूर जंगलाने थांबला असता असे म्हणणे खरे होणार नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेला दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. इतक्या खोलवरून डोंगर सुटतो तेव्हा झाडांची मुळे त्याच्या वरच राहतात. मात्र वरच्या मीटर-दोन मीटरच्या थराला मुळे खरोखर शिवून ठेवतात, आणि झाड तोडल्यावर ती शिवण लगेच उसवत नाही. मुळे कुजायला काही वर्षे लागतात, त्यामुळे तोडीनंतरचे दोन-तीन पावसाळे काही झाले नाही म्हणून माणसे निर्धास्त होतात, आणि नवी मुळे वाढायच्या आत जुनी कुजलेली असतात तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. उतारावर रस्त्यासाठी केलेली कापणी तर मुळांनाही हिशेबात धरत नाही. डोंगर कापून काढलेली मोकळी माती दरीच्या कडेला लोटली की तिला नदीपर्यंत जायला एक पाऊस पुरतो.

आमच्या हिश्श्याचा उतार पाच एकरांचा आहे आणि तो माझा भाऊ पाहतो. मी त्याला ते खांबांवर उभे असलेले खडे दाखवले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, पातेऱ्यात बी सापडत नाही त्याचं काय करू?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी असे ठरले की हंगामापुरता, मार्च ते मे, काजूखालचा पातेरा ओढून उताराला आडव्या रांगा लावून ठेवायचा, जाळायचा नाही, आणि मृगाच्या आधी तो परत झाडांखाली पसरायचा. तणनाशक बंद करून गवत पावसाळ्यात वाढू द्यायचे आणि दिवाळीआधी कापून तिथेच टाकायचे. पऱ्याच्या दोन्ही काठांना दहा-दहा पावले जागा सोडून दिली, तिथे उंबर आणि करंज आपोआप आले आहेत. मजुरीचा खर्च थोडा वाढला, हे भाऊ मला अजून ऐकवतो.

दोन पावसाळे झाल्यावर, २०२४ च्या ऑगस्टमध्ये, मी पुन्हा काजूखाली बसले. खांबांवरचे खडे तिथे आता दिसत नाहीत. पातेरा बाजूला सारला तर खडे मातीत अर्धे रुतलेले सापडतात आणि त्यांच्या भोवती गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या असतात. पऱ्याची बाटली मात्र अजून लाल आहे, पूर्वीपेक्षा थोडी फिकी एवढेच, कारण वरच्या अंगाची बाभूळ आमची नाही आणि त्या वर्षी मार्चमध्ये तिथे वणवा लागला होता. ज्यांची ती जमीन आहे ते मुंबईला असतात. भाऊ दिवाळीला त्यांच्याशी बोलणार आहे. वणवे सुरू होतात ते फेब्रुवारीत, तोवर दोघांच्या हद्दीवर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, काढून होईल.